एचएफ हाताळताय? ड्रम उघडायच्या आधीच काय काय तयार हवं

रात्री साडेअकराला फोन आला. आमच्या पिकलिंग सेक्शनमधला, म्हणजे ॲसिडच्या टाकीत, बाथमध्ये बुडवून स्टील साफ करतात तिथला पोरगा, म्हणाला साहेब उजव्या हाताचं मधलं बोट ठणकतंय, झोपच लागेना, काही कापलं नाही भाजलं नाही, बघितलं तर टोकाला नुसतं लालसर दिसतंय. मी एकच विचारलं, दुपारी बाथवर होतास का? होतो म्हणाला, पण ग्लोव्हज घातले होते. तिथेच पोटात गोळा आला. तोवर जवळच्या दवाखान्यात जाऊन तो दुखण्याची गोळी आणि भाजल्यावरचं मलम घेऊन आला होता, कारण बघणाऱ्याला बोट चांगलंच दिसत होतं, त्याचंही काय चुकलं म्हणा. मोठ्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत पहाट झाली, नखाखाली निळसर पांढरा डाग धरला होता, तिथल्या डॉक्टरांनी कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, बोट वाचलं, नख गेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा ग्लोव्ह मी पाण्याने भरून बघितला. मधल्या बोटाच्या टोकाला टाचणीएवढं भोक, दाबलं की एक एक थेंब बाहेर. बाथमध्ये एचएफ जेमतेम चार टक्के होतं.

एचएफ म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड. तेव्हापासून जो कोणी नवीन माणूस यावर कामाला येतो त्याला मी आधी हे बोटाचं सांगतो आणि मग बाकीचं. कारण या ॲसिडची खोड हीच आहे की ते गप्प बसतं. सल्फ्युरिक अंगावर उडालं तर माणूस तिथल्या तिथे ओरडतो, पाण्याकडे पळतो. एचएफ उडालं की काहीच होत नाही, माणूस हात पुसतो आणि कामाला लागतो. म्हणून इथे दुखल्यावर काहीतरी करू हा हिशोब चालत नाही, जे काही वाचवणार आहे ते सगळं कॅन उघडायच्या आधी हाताशी असलं पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्यात.

आधी हे समजून घ्या, ते असं का वागतं

पुस्तकात बघाल तर एचएफ कमजोर ॲसिड म्हणून दिलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. हायड्रोक्लोरिक पाण्यात पडलं की जवळजवळ सगळं फुटून आयन होतं, एचएफचं तसं नाही, त्याचा बराच भाग न फुटता तसाच अख्खा राहतो. गंमत नाही, हाच धोका आहे. आयन चामडीतून सहज आत जात नाही, पण न फुटलेला एचएफचा रेणू छोटा आणि विद्युतभार नसलेला, तो कातडी, चरबी, नख सगळ्यातून आरामात खोल उतरतो आणि आत गेल्यावर फुटतो. मग जो फ्लोराइड मोकळा होतो तो दिसेल ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून बसतो. पेशी मरतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं, नसा चाळवतात, आणि मग तो ठणका सुरू होतो जो साध्या गोळीने हटत नाही. पुढे हाडापर्यंत पोचतो.

त्याहून वाईट म्हणजे रक्तातलं कॅल्शियम. हृदयाचा ठोका नीट पडायला रक्तात ठरावीक कॅल्शियम लागतं, ते एकदम खाली गेलं आणि पोटॅशियम वर गेलं की ठोका बिघडतो, आणि त्याने माणूस जातो. कॉन्सन्ट्रेटेड एचएफने शरीराची फक्त अडीच टक्के कातडी भाजून माणूस दगावल्याची नोंद आहे. अडीच टक्के म्हणजे किती, तर बोटांसकट आपला एक तळहात साधारण एक टक्का धरतात. अडीच तळहात. मांडीवर एक मगभर सांडलं तरी तेवढं होतं.

दुखणं कधी सुरू होणार हे तीव्रतेवर आहे. ५० टक्क्यांच्या वर असेल तर लगेच कळतं. २० ते ५० टक्क्यांमध्ये एक तासापासून आठ तासांपर्यंत कधीही. २० टक्क्यांच्या खाली असेल तर चक्क २४ तासांपर्यंत काही जाणवत नाही. म्हणजे पातळ ॲसिडवाल्याला जास्त बेसावध ठेवतं, आणि आपल्याकडे "अरे पातळच आहे" म्हणून सगळ्यात जास्त हलगर्जीपणा तिथेच होतो.

एवढं भयंकर आहे तर वापरतात कशाला

कारण याच्यासारखं काम दुसरं कोणी करत नाही. फ्लोरिन लागणारी जवळपास प्रत्येक वस्तू एचएफमधूनच निघते. फ्लोअरस्पार नावाचं खनिज, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड, ९७ टक्क्यांच्या वर शुद्ध घेतात, फिरत्या भट्टीत त्याच्यावर सल्फ्युरिक ॲसिड घालून तापवतात, एचएफचा वायू निघतो आणि मागे कॅल्शियम सल्फेटचा ढीग राहतो, एक टन एचएफमागे साडेतीन टनाच्या वर. एसी आणि फ्रिजमधले गॅस, नॉनस्टिक तव्यावरचं पीटीएफई, कितीतरी औषधं आणि कीटकनाशकं यांची सुरुवात इथूनच आहे. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांना लागणारं ॲल्युमिनियम फ्लोराइड आणि क्रायोलाइट यातूनच बनतं. युरेनियमचं इंधन करताना युरेनियम ऑक्साइडवर एचएफ सोडून टेट्राफ्लोराइड आणि पुढे हेक्झाफ्लोराइड करतात. रिफायनरीत अल्किलेशन युनिटमध्ये आयसोब्युटेन आणि ओलेफिन जोडून पेट्रोलचा चांगल्या ऑक्टेनचा भाग करायला कॅटॅलिस्ट म्हणून हेच, काही ठिकाणी त्याच कामाला सल्फ्युरिक वापरतात.

चिपच्या कारखान्यात सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा थर काढायला अतिशुद्ध एचएफ लागतं, त्याला पर्याय सापडत नाही. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन मालांवर निर्यातीचे निर्बंध घातले त्यातला एक माल हायड्रोजन फ्लोराइड होता, आणि सगळ्या चिपवाल्यांची धावपळ झाली, यावरून काय ते समजा.

आणि आमचं काम, स्टेनलेस स्टीलचं पिकलिंग. वेल्डिंग किंवा ॲनीलिंगनंतर, म्हणजे तापवून मऊ केल्यावर, स्टीलवर जो काळा निळा थर येतो आणि त्याच्याखाली क्रोमियम कमी झालेली पापडी असते ती नुसत्या नायट्रिकने जात नाही, नायट्रिक साधारण १० ते २० टक्के आणि त्यात एचएफ १ ते ५ टक्के अशी जोडी लागते. काचेवर नक्षी, काच फ्रॉस्ट करणं, दातांच्या सिरॅमिक कॅप खडबडीत करणं, दगडांचे नमुने विरघळवून तपासणं, ही सगळी छोट्या प्रमाणातली कामं. छोट्या जागी माणसं एकटी असतात, बाजूला शॉवर नसतो, म्हणून मला काळजी त्यांचीच जास्त वाटते.

तसं हे दुखणं जुनंच आहे. कार्ल शेले याने १७७१ मध्ये हे ॲसिड पहिल्यांदा नीट अभ्यासलं, पुढची शंभर वर्षं यातून फ्लोरिन वेगळा काढायच्या नादात कित्येक केमिस्ट आजारी पडले, लुये आणि निक्ले हे दोघे तर जिवाला मुकले, आणि मग १८८६ मध्ये हेन्री मुआसाँला ते जमलं, त्याला १९०६ चं नोबेल मिळालं.

पायरी पहिली : आपल्याकडे एचएफ नक्की कुठे कुठे आहे ते शोधा

हे ऐकायला सोपं वाटतं पण डब्यावर प्रत्येक वेळी मोठ्या अक्षरात हायड्रोफ्लोरिक लिहिलेलं नसतं. पिकलिंग पेस्ट, गंजाचे डाग काढायचं लिक्विड, विटा आणि दगड साफ करायचं लिक्विड, ट्रकची चाकं चमकवायचं लिक्विड, काचेवर लावायचं एचिंग क्रीम, यांच्या एसडीएसमध्ये, म्हणजे मालासोबत येणाऱ्या सुरक्षेच्या माहितीपत्रकात, घटक बघा. अमोनियम बायफ्लोराइड असं दिसलं तर तेही याच यादीत घ्या, कारण ते पाण्यात गेलं, त्यात आणखी ॲसिड असलं तर विचारूच नका, की एचएफच देतं. "आमच्याकडे एचएफ नाही, बायफ्लोराइड आहे" असं सांगणारे मला खूप भेटलेत.

यादी झाली की प्रत्येकासमोर लिहा किती टक्के, किती लिटर, कोण हाताळतो. आणि तिथेच एक प्रश्न विचारा की याच्याशिवाय भागतं का. कधी कधी खरंच भागतं, घासून किंवा ब्लास्टिंग करून काम होतं. भागत नसेल तर निदान ७० टक्क्यांचं आणून आपल्याकडे पातळ करण्यापेक्षा लागेल तेवढ्याच ताकदीचं तयार मागवता येतं का बघा. सगळ्यात चांगली सेफ्टी म्हणजे ती वस्तू आवारात नसणं.

पायरी दुसरी : जेल आधी, ड्रम नंतर

२.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, एचएफ अंगावर गेलं की चोळायचं, आत उतरलेल्या फ्लोराइडला कॅल्शियम देणारं. ट्यूब मिळते. जोवर ती जागेवर नाही तोवर माल गेटच्या आत घ्यायचा नाही, हा नियम मी कागदावर नाही तर गेटवरच्या माणसाला तोंडाने सांगून ठेवलाय. ट्यूब कुलपात ठेवायची नाही. कामाच्या जागी एक, शॉवरपाशी एक, गाडीत एक, आणि ज्याच्या हाताला रोज काम पडतं त्याच्याकडे घरी न्यायला एक. तारीख बघत जा, जुनी झाली की बदला. तयार ट्यूब मिळत नसेल तर औषधवाल्या फार्मासिस्टकडून पाण्यात विरघळणाऱ्या जेलीत कॅल्शियम ग्लुकोनेटची पावडर घालून करून घेता येते, १५० मिली जेलीला ३.५ ग्रॅम असं प्रमाण सांगतात. व्हॅसलीनसारख्या तेलकट मलमात घालून उपयोग नाही.

मग हॉस्पिटल. फोन करून नाही, स्वतः जा. इमर्जन्सीच्या डॉक्टरांना भेटा, सांगा आमच्याकडे एचएफ आहे, तुमच्याकडे कॅल्शियम ग्लुकोनेटची इंजेक्शनं किती आहेत, ईसीजी मॉनिटर आहे का, रात्री कोण असतं. एसडीएसची प्रत द्या. अनेक डॉक्टरांनी आयुष्यात ही केस बघितलेली नसते, यात त्यांचा कमीपणा नाही, केस असतेच कमी. पण आधी बोलणं झालेलं असलं की अपघाताच्या दिवशी अर्धा तास वाचतो आणि इथे अर्धा तास फार असतो.

पायरी तिसरी : भांडी, टाकी, फरशी

एचएफ काच खातं हे सगळ्यांना माहीत असतं, पण काच कुठे कुठे लपलेली असते ते लक्षात येत नाही. लेव्हल बघायची काचेची नळी. काचेचा थर्मामीटर. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड, त्याचा बल्ब काचेचाच असतो, चार दिवसात रीडिंग वेडंवाकडं यायला लागतं आणि माणूस मीटरला दोष देतो, यासाठी अँटिमनीचा किंवा एचएफला टिकणारा खास इलेक्ट्रोड मिळतो तो घ्या. एफआरपीची, म्हणजे फायबर घातलेल्या प्लास्टिकची टाकी, तिच्यात ग्लास फायबर असतो, आतला थर झिजून फायबर उघडा पडला की टाकी आतून पोखरली जाते. ॲसिडप्रूफ म्हणून लावलेल्या विटासुद्धा सिलिकाच्याच असतात, त्याऐवजी कार्बनच्या विटा लावतात. काँक्रीटची फरशी तर खातंच.

चालतं काय, तर एचडीपीई, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीडीएफ, पीटीएफई ही प्लास्टिकं. पाणी नसलेलं कोरडं एचएफ साध्या स्टीलच्या सिलेंडरमध्ये ठेवतात पण तेच पातळ झालं की स्टील खायला लागतं आणि हायड्रोजन निघतो, बंद जागेत हायड्रोजन साठला की वेगळाच ताप. कोरडं एचएफ १९.५ अंश सेल्सियसला उकळतं, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला ते गॅसच व्हायला बघतं, त्यामुळे ते ज्यांच्याकडे आहे त्यांचा मामला पूर्ण वेगळा आणि फार मोठा आहे, हा लेख मुख्यतः पाण्यातलं ॲसिड वापरणाऱ्यांसाठी आहे.

ड्रम जमिनीलगत ठेवा, डोक्याच्या वर कधीच नाही, खाली एचडीपीईचा ट्रे जो अख्खा ड्रम सांडला तरी मावेल एवढा. सावलीत, हवा खेळती. कॉस्टिक सोडा, धातूची पावडर, काचेच्या बाटल्या बाजूला नकोत. छोट्या बाटलीत काढून ठेवलंत तर बाटलीवर नाव, टक्केवारी, तारीख, आणि पाण्याची रिकामी बाटली या कामाला कधीच म्हणजे कधीच वापरायची नाही.

पायरी चौथी : अंगावर काय घालायचं

डॉक्टर वापरतात तो पातळ नायट्राइल ग्लोव्ह एकटा पुरत नाही. आत नायट्राइल, वरून जाड निओप्रीन किंवा ब्युटाइलचा कोपरापर्यंतचा लांब ग्लोव्ह. प्रत्येक वेळी घालायच्या आधी तोंड पिळून आत हवा कोंडा, फुग्यासारखा दाबा, गालाजवळ धरा, हवा लागली की भोक आहे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या पोराने हे केलं असतं तर नख शाबूत असतं. वीस सेकंदांचं काम आहे. वरून थेंब पडला तर ग्लोव्ह धुवून मग काढायचा, आणि आतला लगेच टाकून द्यायचा. चामड्याचे ग्लोव्हज आणि चामड्याचे बूट नकोतच, चामडं ॲसिड पितं आणि ते धुवून निघत नाही, दुसऱ्या दिवशी तोच बूट पाय जाळतो.

डोळ्याला चारी बाजूंनी बंद गॉगल आणि त्याच्यावर फेस शिल्ड, दोन्ही. ॲप्रन गुडघ्याच्या खालपर्यंत, पँट गमबुटाच्या बाहेरून खाली सोडायची, नाहीतर वरून ओघळलेलं थेट बुटात जातं. वाफेसाठी ओढणारा एक्झॉस्ट हवा, मास्क हा त्याला पर्याय नाही. हवेतल्या एचएफची ओशा या अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा संस्थेची मर्यादा आठ तासांना ३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तीन भाग, आहे आणि ३० पीपीएमला जीव तत्काळ धोक्यात धरतात, दोन्हीत अंतर किती कमी आहे बघा. साधारण ४० टक्क्यांच्या वरचं ॲसिड उघडलं की धुरतं.

पायरी पाचवी : प्रत्यक्ष काम

एकट्याने नाही. दुसरा माणूस हवा आणि त्याला जेल कुठे आहे ते माहीत हवं. काम सुरू करायच्या आधी शॉवर आणि आयवॉश सोडून बघायचे, पाणी गढूळ येतंय का, येतंय तरी का. महिनोन्महिने न सोडलेल्या शॉवरमधून गंजाचं पाणी आलेलं मी बघितलंय, त्या दिवशी काम बंद ठेवलं आम्ही.

ओतायचं नाही, शक्यतो पंपाने घ्यायचं. पातळ करताना पाण्यात ॲसिड, हळूहळू, उलटं कधी नाही. पिकलिंगचा बाथ भरताना आधी पाणी, मग नायट्रिक, शेवटी एचएफ असा क्रम आम्ही ठेवतो, तुमच्या केमिकलवाल्याने दिलेला क्रम वेगळा असला तर त्याचं ऐका. बाथवर पिवळट तपकिरी धूर दिसायला लागला तर तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचा आहे, तो वेगळा विषारी, लगेच बाजूला व्हा आणि एक्झॉस्ट बघा.

जॉब, म्हणजे बाथमध्ये बुडवलेली वस्तू, बाहेर काढल्यावरचा भाग लोक विसरतात. पाइपच्या आत, वेल्डच्या फटीत, बोल्टच्या भोकात ॲसिड अडकून राहतं. वरवर पाणी मारून जॉब फिनिशिंगला पाठवला की तिथला माणूस उघड्या हाताने धरतो, त्याला एचएफचं काही माहीतच नसतं, आणि रात्री त्याचं बोट ठणकतं. भरपूर प्रेशरने धुवा, फटीत पीएच पेपर लावून बघा. आणि आमच्याकडचा नियम, या एरियात कुठेही एक जरी थेंब ओला दिसला, टेबलावर, रेलिंगवर, ड्रमच्या झाकणावर, तर तो एचएफच आहे असं समजायचं, पाणी असल्याचं सिद्ध होईपर्यंत.

पायरी सहावी : सांडलं तर

वाळू टाकायची नाही. कुठल्याही ॲसिडवर वाळू टाकायची सवय हाताला लागलेली असते म्हणून हे आधी सांगतो. वाळू म्हणजे सिलिका, तिच्यावर एचएफ गेलं की सिलिकॉन टेट्राफ्लोराइडचा विषारी गॅस निघतो. मातीसारखे शोषक, लाकडाचा भुसा, तेही नको. चुनखडीची पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट किंवा विझवलेला चुना ठेवा, कडेने टाकत टाकत आत या, फेस येतो, ऊन होतं, घाई करू नका. सोड्याने ॲसिड मारता येतं पण फ्लोराइड विरघळलेलाच राहतो, कॅल्शियमवाल्याने तो कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसतो, म्हणून मी चुन्याच्या बाजूचा. प्लास्टिकच्या फावड्याने गोळा, प्लास्टिकच्या ड्रममध्ये.

हे सगळं थोडं आणि पातळ सांडलं असेल तरच. धूर दिसतोय, कॉन्सन्ट्रेटेड आहे, किंवा किती सांडलं ते कळत नाहीये, तर काही पुसायला जाऊ नका, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि फायर ब्रिगेडला एचएफ असं नाव घेऊन सांगा. दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात २७ सप्टेंबर २०१२ ला टँकरमधून कोरडं एचएफ उतरवताना व्हॉल्व्ह उघडला गेला, सुमारे आठ टन बाहेर आलं, पाच जण गेले, पूर्ण संरक्षण अंगावर नव्हतं. आजूबाजूच्या गावातली पिकं करपली आणि हजारो लोकांना दवाखाना गाठावा लागला. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीत ३० ऑक्टोबर १९८७ ला क्रेनवरून हीटरचा मोठा भाग एचएफच्या टाकीवरच्या पाइपांवर पडला, वर लटकणारं वजन आणि खाली एचएफ, हे चित्र तुमच्याकडे कुठे आहे का ते आजच फिरून बघा. तिथे सुमारे चार हजार लोकांना घरं सोडावी लागली.

पायरी सातवी : अंगावर गेलं तर, मिनिटा मिनिटाचं

हे सगळ्यांना तोंडपाठ हवं, वाचून दाखवायला वेळ नसतो.

उडालं असं नुसतं वाटलं तरी शॉवरखाली जायचं. दुखायची वाट नाही बघायची, खात्री करत बसायचं नाही. पाणी आधी चालू, कपडे पाण्याखाली काढायचे, अंगठी घड्याळ सगळं, डोक्यावरून काढायचा शर्ट कापायचा. लाज वगैरे बाजूला. गॉगल शेवटी काढायचा, तोंड खाली करून, म्हणजे डोक्यावरचं ओघळून डोळ्यात जात नाही.

जेल हाताशी असेल तर पाच मिनिटं धुवून थांबा आणि जेल सुरू करा. बाकी ॲसिडला पंधरा वीस मिनिटं पाणी मारायला सांगतात, इथे पाचच का, तर वरचं ॲसिड तेवढ्यात निघतं आणि आत उतरलेला फ्लोराइड पाण्याने बाहेर येत नाही, त्याला कॅल्शियमच लागतं. जेल नसेल तर मात्र मदत येईपर्यंत पाणी बंद करायचं नाही.

जेल लावणाऱ्याने स्वतः ग्लोव्ह घालायचे, नाहीतर एकाचे दोन पेशंट होतात. जाड थर लावून चोळत राहायचं, सतत, दहा पंधरा मिनिटांनी जुनं पुसून नवीन. हाताला असेल तर स्वच्छ ग्लोव्हमध्ये जेल भरून त्यात हात घालायचा, हे फार छान काम करतं, नखाच्या कडेपर्यंत जेल पोचतं. ॲम्ब्युलन्समध्येही चोळणं चालूच.

आता एक महत्त्वाचं. दुखणं हा इथे आपला मीटर आहे. जेलने ठणका कमी झाला म्हणजे कॅल्शियम आत पोचतंय, परत वाढला म्हणजे फ्लोराइड अजून आत आहे. म्हणून बधिर करायचं इंजेक्शन देऊन मीटरच बंद करू नये असं सांगितलं जातं, हे डॉक्टरांना आठवण म्हणून सांगायला लाजू नका. जेलने भागलं नाही तर ते कातडीखाली किंवा हाताच्या धमनीतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. त्याऐवजी कॅल्शियम क्लोराइड कातडीत टोचायचं नसतं, त्याने मांस मरतं. मोठं भाजलं असेल किंवा ॲसिड कडक असेल तर कातडीकडे बघत न बसता ईसीजी लावून रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटं पाणी आणि थेट हॉस्पिटल, कातडीचं जेल डोळ्यात घालायचं नाही. वाफ छातीत गेली तर मोकळ्या हवेत आणा, ऑक्सिजन द्या, आणि बरं वाटतंय म्हणाला तरी घरी सोडू नका, फुप्फुसात पाणी धरणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही होतं. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, शुद्धीत असेल तर दूध किंवा कॅल्शियम मॅग्नेशियमवालं अँटासिड द्या आणि पळवा, हे सगळ्यात घातक.

पायरी आठवी : उरलेलं

संपलेला बाथ नाल्यात सोडायचा विचारही नको. चुन्याचं दूध घालून पीएच ८ ते ९ च्या आसपास आणतात, पांढरा गाळ बसतो तो कॅल्शियम फ्लोराइड, फिल्टर प्रेसमधून काढून घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणी द्यायचा. इथे एक चूक सगळे करतात, पीएच सात झाला म्हणजे झालं समजतात. कॉस्टिकने पीएच सात केला तरी फ्लोराइड पाण्यात तेवढाच असतो. फ्लोराइड वेगळा मोजा. चुन्याने नीट केलं तर साधारण १० ते २० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत खाली येतो, त्याच्याही खाली हवा असेल तर पुढचा टप्पा लावावा लागतो. आणि पाण्यातलं नायट्रेट चुन्याने जात नाही, ते तसंच राहतं.

वापरलेले ग्लोव्हज, पुसलेली फडकी चुन्याच्या पाण्यात बुडवून मग बंद पिशवीत. साध्या कचऱ्यात गेली तर कचरा उचलणाऱ्याचं बोट जातं.

शिफ्ट सुटायच्या आधी आमच्याकडे प्रत्येकाचे हात बघतो, नखाच्या कडा, बोटांची पेरं, मनगट, आणि खिशात एक छोटं कार्ड देतो. कार्डावर एवढंच : मी हायड्रोफ्लोरिक ॲसिडवर काम करतो, माझा हात विनाकारण दुखत असेल तर हे फ्लोराइडने भाजणं समजा, कॅल्शियम ग्लुकोनेट लागेल, खाली आमचा रात्रीचा नंबर. कार्डाची दुसरी प्रत घरच्यांकडे असते, कारण रात्री दोन वाजता बोट धरून बसलेल्या माणसाला सकाळी बघू म्हणायची फार सवय असते, आणि त्याला उठवून घेऊन जाणारं कोणीतरी घरात लागतं.